पेडलबोर्ड बांधला आणि फझचा आवाजच बिघडला, क्रम कसा लावू?

सहावीतार

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट मिळतात.

मी पुण्यात असतो. स्ट्रॅटसारखी सिंगल कॉइलवाली गिटार आहे, अँप १५ वॅटचा ट्यूबवाला, दोन चॅनल. आतापर्यंत पेडलं (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे) जमिनीवर पसरून वाजवायचो, लागतील तेवढी दोन-तीनच जोडायची. गेल्या महिन्यात प्लायवूडचा बोर्ड करून घेतला, सगळी पेडलं वेल्क्रोने बसवली, पॅच केबल आणल्या, आणि नेटवर सगळीकडे सांगतात तसाच क्रम लावला: गिटार, ट्यूनर, कंप्रेसर (आवाजाची पातळी सारखी करणारा), वा-वा (पायाने हलवायचा फिल्टर), फझ (आवाज जोरात फाडणारा), ओव्हरड्राइव्ह (त्याहून सौम्य), कोरस (आवाज दाट करणारा), डिले (पडसाद देणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा) आणि मग अँप.

आता तीन गोष्टी होतायत. पहिली म्हणजे फझ एकदम कर्कश झालाय. एका ओळखीच्याने बनवून दिलेला जर्मेनियमचा दोन ट्रान्झिस्टरवाला फझ आहे, बॅटरीवर चालतो. आधी गिटार थेट त्यात जायची तेव्हा आवाज कसा जाड, लोकरीसारखा होता, आणि गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर आणला की जवळजवळ क्लीन व्हायचा, आता व्हॉल्यूम कमी केला तर आवाज फक्त लहान होतो पण घाण तशीच राहते. दुसरी, वा-वा आणि फझ एकत्र चालू केले की शिट्टी वाजते, पाय मागेपुढे केला की शिट्टीही वरखाली जाते. तिसरी, अँपच्या डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या) चॅनलवर डिले नुसता चिखल होतो.

दोन आठवड्यांनी कार्यक्रम आहे. पेडल खराब झालंय की मी काही चुकतोय?

वसईकर_गिटार

पेडल खराब नाही झालेलं, काळजी करू नकोस. ट्यूनर आणि कंप्रेसर दोन्ही काढ फझच्या आधीचे. गिटारची केबल थेट फझमध्ये घाल आणि एकदा वाजवून बघ, पाच मिनिटांचं काम आहे, मग बाकीचं बोलू.

मी वसईत लग्नाच्या बँडमध्ये तीस एक वर्षं वाजवलंय आणि ही चूक मीही केली होती, तेव्हा सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी तो फझ विकूनच टाकला, त्याचं आजही वाईट वाटतं. तू ज्या जातीचा फझ म्हणतोयस तो मूळचा १९६६ चा, लंडनच्या आर्बिटरने काढलेला गोल डब्यातला फझ फेस. त्या काळी लोकांकडे पायाखाली एखाद-दुसरं पेडल असायचं, बोर्ड वगैरे भानगड नव्हती. म्हणजे हे सर्किट जन्मापासून गिटारशी थेट बोलायला शिकलंय, मध्ये तिसरा आला की बिनसतं.

सहावीतार

काका, करून बघितलं. विश्वास बसत नाहीये. तोच फझ, तीच बॅटरी, आणि जुना आवाज जसाच्या तसा परत आला. पण असं का होतं? ट्यूनर तर बंद होता, मी त्यावर पायसुद्धा ठेवला नव्हता.

डोंबिवली_लॅब

मी सांगते, इलेक्ट्रॉनिक्स माझा रोजचा विषय आहे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून बरीच पेडलं बनवलीयत.

तुझा ट्यूनर बंद असला तरी पूर्ण बंद नसतो. पेडलं दोन प्रकारची. ट्रू बायपासवालं बंद केलं की आतून नुसती तार जोडल्यासारखं होतं, सिग्नल आला तसा गेला. बफर्ड बायपासमध्ये इफेक्ट बंद झाला तरी सिग्नल एका छोट्या अँप्लिफायरमधून, म्हणजे बफरमधून जातो. बॉसची बहुतेक छोटी पेडलं, ट्यूब स्क्रीमर, ही सगळी बफर्ड. यात वाईट काही नाही, उलट लांब केबल असेल तर बफर हवाच, पण जर्मेनियम फझच्या आधी तो नको.

आता का ते. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या कॉइलमध्ये, हजारो वेढे असतात, स्ट्रॅटच्या पिकअपचं इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या सिग्नलला विरोध करण्याचा गुण) साधारण २.५ हेन्री धर. जितका स्वर वरचा तितका त्याचा अडथळा जास्त, ३ किलोहर्ट्झला हिशोब केला तर ४७ किलोओहमच्या आसपास येतो. आणि तुझ्या फझचा इनपुट इंपीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा, जेमतेम ५ ते १० किलोओहम. साध्या पेडलचा ५०० किलोओहम किंवा १ मेगाओहम असतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. म्हणजे फझ पिकअपवर चांगलाच भार टाकतो आणि वरचे टोचणारे स्वर पिकअपच्या वेढ्यांतच अडकतात, तीच तुझी लोकर. मध्ये बफर आला की फझला समोर पिकअप दिसतच नाही, त्याला दिसतो १ किलोओहम किंवा त्याहून कमीचा तगडा सोर्स, सगळा ट्रेबल जसाच्या तसा आत घुसतो आणि कर्कश होतो.

व्हॉल्यूमचंही तेच. तू गिटारचा नॉब थोडा खाली आणतोस तेव्हा त्या नॉबचा रेझिस्टन्स (अडथळा) पिकअप आणि फझच्या मध्ये उभा राहतो, त्यामुळे फझचा गेनच कमी होतो, म्हणून क्लीन. बफर मध्ये असेल तर नॉबने फक्त सिग्नल लहान होतो, तो रेझिस्टन्स फझपर्यंत पोचत नाही. तुझं निरीक्षण अगदी बरोबर होतं, आवाज लहान होतो पण घाण तशीच.

वायरलेस वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, रिसीव्हरचं आउटपुट म्हणजे बफरच. तिथे फझच्या आधी २०-३० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला तर बराच फरक पडतो, आणि पिकअपसारखाच भार हवा असेल तर छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलने तो आणता येतो.

बेसपाटील

ताई मग सगळी पेडलं ट्रू बायपासच घ्यावीत ना? मी तर ठरवून तशीच घेतलीत.

डोंबिवली_लॅब

नाही, त्यात दुसरं नुकसान आहे. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर असतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड धर. ६ मीटरची केबल म्हणजे ६००. वरच्याच २.५ हेन्रीच्या पिकअपबरोबर त्याचा रेझोनन्स ४.१ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, तिथे गिटारची चमक असते. आता बोर्डपासून अँपपर्यंत अजून ६ मीटर केबल आली आणि मधली सगळी पेडलं ट्रू बायपास असली तर १२०० पिकोफॅरॅड झाले, रेझोनन्स २.९ किलोहर्ट्झवर उतरला. म्हणजे तू सगळी पेडलं बंद केलीस तरी गिटार घोंगडी पांघरल्यासारखी वाजणार. पहिल्या केबलनंतर कुठेतरी एक चांगला बफर आला की पुढची केबल कितीही असू दे, फरक पडत नाही.

म्हणून फझ पहिला आणि त्याच्या लगेच नंतर बफर, म्हणजे सहावीतारचा ट्यूनरच. फझ बंद असताना गिटार थेट ट्यूनरच्या बफरला मिळते, चालू असताना फझला गिटार मिळते.

नागपुरी_फझ

ताईंनी मस्त समजावलं. मी एक भर घालतो जी पुस्तकात कमी आणि आमच्याकडे जास्त उपयोगी. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उन्हाळ्यात वेगळा वाजतो. त्यातून उगाच झिरपणारा लीकेज करंट तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की दुप्पट होतो, बायस (ट्रान्झिस्टरचा ठरवलेला व्होल्टेज) सरकतो, आणि फझ तुटक तुटक, घशात अडकल्यासारखा बोलायला लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, दुपारी साउंडचेकला स्टेजवर पेडल उन्हात पडलं होतं आणि संध्याकाळी स्वर धरला की दोन सेकंदात मरायचा. मला वाटलं संपलं. बर्फाच्या पाण्याच्या बाटलीशेजारी पंधरा मिनिटं ठेवलं (बाटलीला रुमाल गुंडाळून, ओल लागू न देता) आणि ठणठणीत झालं. आता मी आत बायसला ट्रिमपॉट (तो जुळवायचा छोटा स्क्रू-नॉब) बसवून घेतलाय आणि बाहेरच्या कार्यक्रमांना सिलिकॉनवाला फझ नेतो, बीसी१०८ चा. तो जरा तिखट आहे पण ऊन खातो.

सहावीतार

दादा हे फार कामाचं सांगितलंत, आमचा कार्यक्रम उघड्यावरच आहे.

आता शिट्टीचं सांगा. वा-वा फझच्या आधी असतो असं सगळीकडे वाचलं म्हणून ठेवला होता. आणि जिमी हेंड्रिक्स पण तसंच लावायचा ना?

वसईकर_गिटार

हो, वुडस्टॉकला १९६९ मध्ये वा-वा, मग फझ फेस, मग युनि-व्हाइब (आवाज फिरवणारं पेडल) आणि मार्शलचा अँप, असाच क्रम होता त्याचा. वा-वा आधी असला की तो गिटारच्या आवाजाला आकार देतो आणि तो आकार फझमध्ये चिरडला जातो, त्यातून बोलल्यासारखा आवाज निघतो. वा-वा नंतर असला तर फझने तयार केलेल्या सगळ्या हार्मोनिक्समधून (वरच्या उपस्वरांमधून) त्याचा फिल्टर फिरतो, फरक मोठा, नाट्यमय, जवळजवळ सिंथसारखा. दोन्ही बरोबर आहेत.

पण शिट्टीचं कारण ताईच सांगतील.

डोंबिवली_लॅब

कारण परत तेच, फझचा इंपीडन्स. वा-वाचं आउटपुट एवढा भार उचलायला बनवलेलंच नाही. काही जोड्यांमध्ये स्वीप नुसता गुळमुळीत होतो, पाय हलतो पण फरक ऐकू येत नाही, आणि काही जोड्यांमध्ये सर्किट ऑसिलेट होतं, म्हणजे स्वतःच वाजू लागतं, तीच तुझी शिट्टी.

मध्ये बफर टाकला तर शिट्टी थांबेल. पण मग वा-वा बंद असतानाही तो बफर फझच्या आधी राहणार आणि तू जिथून सुरुवात केलीस तिथेच परत येशील. म्हणून बफर वा-वाच्या आत हवा, स्विचच्या आतल्या बाजूला, वा-वा चालू तेव्हाच बफर चालू. आजकालच्या काही वा-वांमध्ये तो असतोच. नसेल तर एक ट्रान्झिस्टर आणि तीन-चार सुटे भाग लागतात, तुमच्याकडे बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सगळं मिळेल.

आणि बघून घे तुझा वा-वा ट्रू बायपास आहे का. जुन्या पद्धतीचे वा-वा बंद असतानाही त्यांचं इनपुट सिग्नलला जोडलेलंच असतं आणि ट्रेबल खातात.

दोन आठवडेच आहेत तर सोल्डरिंगच्या नादी लागू नकोस, वा-वा फझच्या नंतर ठेव.

रात्रीचा_रियाज

मला थोडं वेगळं म्हणायचंय. इंपीडन्सचं पूर्ण मान्य आहे, ते सर्किटचं गणित आहे. पण त्याच्या पुढचा जो क्रम सगळे सांगतात, ड्राइव्ह मग मॉड्युलेशन (कोरस, फेजर वगैरे) मग डिले मग रिव्हर्ब, तो नियम म्हणून सांगू नका नवीन मुलांना. मी मडगावला एका छोट्या बँडमध्ये वाजवतो आणि माझा रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी आहे. रिव्हर्बचं शेपूट फझमध्ये गेलं की ते फुगून मूळ स्वराएवढं मोठं होतं, एक भिंत तयार होते आणि तुम्ही तार सोडली तरी ती भिंत उभी राहते. शूगेझवाले, म्हणजे अशी आवाजाची भिंत उभी करणारे रॉकवाले, हेच करतात. गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा फेज ९० (फेजर पेडल) सुद्धा अँपच्या आधी होता, म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधीच, आणि त्या मऊ फिरण्याची ओढ आजही लोकांना आहे. तेच पेडल डिस्टॉर्शननंतर ठेवलं की जेटसारखं घोंघावतं.

वसईकर_गिटार

तुझं म्हणणं पटतं मला, आणि बरं झालं लिहिलंस. मी नवीन मुलाला एवढंच सांगेन की प्रत्येक पेडलला विचार, तुझ्या कानावर काय पडतंय? पेडलला त्याच्या आधीचंच ऐकू येतं, नंतरचं नाही. डिले डिस्टॉर्शनच्या आधी असेल तर डिस्टॉर्शनला मूळ स्वर आणि त्याचे चार पडसाद एकत्र ऐकू येतात आणि तो सगळ्यांना एकत्रच चिरडतो. तुला भिंत हवी असेल तर हेच हवं. पण सहावीतारला स्वच्छ पडसाद हवेत आणि तो अँपचं डिस्टॉर्शन वापरतो, म्हणजे त्याच्या बोर्डावर डिले सगळ्यात शेवटी असला तरी खऱ्या अर्थाने तो डिस्टॉर्शनच्या आधीच आहे! डिस्टॉर्शन अँपच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, होतंय ना.

अँपच्या मागे बघ, सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं आहेत का?

सहावीतार

आहेत! मला वाटायचं ती रेकॉर्डिंगसाठी असतात.

वसईकर_गिटार

तोच इफेक्ट्स लूप. प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधली जागा. सेंडमधून केबल डिलेच्या इनपुटला, डिलेमधून रिव्हर्ब, रिव्हर्बमधून परत रिटर्नला. बाकी सगळं गिटार आणि अँपच्या इनपुटच्या मध्ये. एकूण चार केबल लागतील बोर्डापासून. कोरस दोन्हीकडे ठेवून बघ, मला स्वतःला तो अँपच्या आधी आवडतो, लूपमध्ये फार चकचकीत होतो.

एक बघ, काही अँपच्या लूपची पातळी जास्त असते आणि पेडल त्याने ओव्हरलोड होऊन फाटतं. मागे लेव्हलचा स्विच असेल तर कमी पातळीवर ठेव.

बेसपाटील

मी मध्येच विचारतो, व्हॉल्यूम पेडल आणि नॉइज गेट (न वाजवताना येणारी खरखर बंद करणारा) कुठे? आणि सगळं एकाच अडॅप्टरवरून डेझी चेनने चालवलं तर एक बारीक किर्रर्र येतो तो कशाचा?

डोंबिवली_लॅब

व्हॉल्यूम पेडल ड्राइव्हच्या आधी असेल तर ते गिटारच्या नॉबसारखं वागतं, कमी केलं की आवाज स्वच्छ होतो. ड्राइव्हच्या नंतर असेल तर आवाजाचा पोत तसाच राहून फक्त मोठा-लहान होतो. डिलेच्या मात्र आधीच ठेव म्हणजे पाय उचलला तरी पडसाद संपेपर्यंत वाजतात. पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल दोन प्रकारची येतात, २५० किलोओहमचं पिकअपच्या मागे थेट लावायला आणि २५ किलोओहमचं बफरच्या नंतर लावायला, २५ वालं थेट गिटारच्या मागे लावलंस तर सगळा आवाज बसेल. गेट ड्राइव्हच्या नंतर आणि डिले-रिव्हर्बच्या आधी, नाहीतर तो पडसादांची शेपटं कापतो. कंप्रेसर ड्राइव्हच्या आधी ठेवायचा कारण नंतर ठेवला तर तो ड्राइव्हची सगळी खरखर उचलून मोठी करतो.

किर्रर्र तुझ्या डिजिटल पेडलांचा. त्यांच्या आतलं क्लॉक सामाईक ग्राउंडमधून ड्राइव्हमध्ये शिरतं आणि ड्राइव्ह त्याला वाढवतो. साधा ड्राइव्ह ५-१० मिलीअँपिअर खातो, डिजिटल रिव्हर्ब १०० ते ३०० खाऊ शकतो. आयसोलेटेड, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या, आउटपुटवाला सप्लाय घे, आत्ता पैसे नसतील तर निदान डिजिटल पेडलांना वेगळा अडॅप्टर दे. आणि सहावीतार, तुझा फझ पीएनपी ट्रान्झिस्टरचा असेल तर तो बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंड (बॅटरीचा प्लस ग्राउंडला) आहे, त्याला बाकीच्यांच्या डेझी चेनवर चुकूनही लावू नकोस, केबलच्या शील्डमधून थेट शॉर्ट होतं. बॅटरीच बरी.

अजून एक, हे मी प्रत्येक धाग्यात लिहिते आणि लिहीत राहीन. हम (सततचा गुणगुणाट) आला म्हणून अँपच्या प्लगची अर्थची पिन कोणी तोडू नका. मंडपात, हॉलमध्ये वायरिंग कसं केलंय माहीत नसतं. अँपचा फेज बॉडीला लागला तर तारांना हात आणि माइकला ओठ लागलेला माणूसच त्याचा अर्थ होतो. हम कमी करायचे दुसरे दहा मार्ग आहेत, सगळं एकाच बोर्डातून घ्या, डीआय बॉक्सवर (मिक्सरला जोडायच्या डब्यावर) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलचा ग्राउंड तोडायचा स्विच, असतो तो वापरा, पण पिन राहू द्या.

वसईकर_गिटार

पिनबद्दल ताईंना शंभर टक्के पाठिंबा. मी डोळ्यासमोर गायकाला झटका बसलेला बघितलाय.

आणि आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी, पावसाळ्यात क्रम बदलण्याआधी जॅक पुसा. दमट हवेने पॅच केबलच्या टोकांवर थर चढतो आणि आवाज जातो-येतो, माणूस पेडलला दोष देत बसतो. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि प्रत्येक जॅक चार-पाच वेळा आतबाहेर.

नागपुरी_फझ

ओव्हरड्राइव्ह आणि फझचं कोणी बोललं नाही. सहावीतार, फझच्या नंतर ओव्हरड्राइव्ह ठेवलायस ते उत्तम. ट्यूब स्क्रीमर जातीचं असेल ना? १९७९ चा तो टीएस८०८ आणि त्याची सगळी भावंडं ७२० हर्ट्झच्या खालचा बास कापून मधला भाग पुढे आणतात. फझ एकटा बँडमध्ये हरवतो कारण त्याचा मधला भाग पोकळ वाटतो, खाली बास गिटार वर झांजा आणि मध्ये हा कुठेच नाही. त्यानंतर स्क्रीमर, ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल थोडी वर, सोलोला पाय मार, गर्दीतून बाहेर येतोस. क्लीन चॅनलवर असशील तर आवाज मोठा होईल, अँप आधीच तापलेला असेल तर मोठा नाही, फक्त जाड होईल, हा फरक घरी कळत नाही, ड्रमबरोबर कळतो.

सहावीतार

काल तालीम झाली, सांगायला आलोय.

आता क्रम असा आहे: गिटार, फझ, वा-वा, ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, अँपचं इनपुट, आणि लूपमध्ये डिले, रिव्हर्ब. ट्यूनर फझच्या नंतर गेल्यामुळे ट्यून करताना फझ बंद करावा लागतो, त्याची सवय होईल. वा-वा फझच्या नंतर ठेवल्यावर शिट्टी पूर्ण गेली, पण स्वीप इतका जोरदार आहे की मी पाय अर्ध्यापेक्षा पुढे नेतच नाही. काका म्हणाले तसा बोलका आवाज हवाय मला, कार्यक्रम झाला की ताईंचा बफर बसवून घेणार.

डिलेबद्दल काय सांगू, डिस्टॉर्शन चॅनलवर पहिल्यांदा पडसाद वेगवेगळे मोजता आले. आणि कडव्याला फझ चालू ठेवूनच गिटारचा व्हॉल्यूम ६ वर, ध्रुवपदाला १० वर, पेडलला पायच लावला नाही. आमच्या ड्रमरने वाजवणं थांबवून विचारलं की नवीन अँप घेतलास का.

रात्रीचा_रियाज, रिव्हर्ब लूपमधून काढून ओव्हरड्राइव्हच्या आधी टाकूनही वाजवलं अर्धा तास. एका गाण्याच्या शेवटाला तोच आवाज हवाय, दुसरा स्वस्तातला रिव्हर्ब शोधतोय.

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी कार्यक्रम आहे, फझ सावलीत ठेवतो.

नागपुरी_फझ

शाब्बास. एक राहिलंच, बोर्डावर पेडल कायम जोडलेलं असतं ना, तर लक्षात ठेव की फझच्या इनपुटला जॅक घातलेला असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, पेडल बंद असलं तरी. वाजवून झालं की गिटारची केबल फझमधून उपटून ठेव. शनिवारी खिशात एक जादा बॅटरी असू दे, साधी झिंक कार्बनवालीच, ती या फझला जास्त मानवते.